उशिरा पिकणाऱ्या आंब्याची बाजू

भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याच्या धानाच्या बांध्यांलगत कलमी आंबा लावायचा म्हटले की पहिले नाव हापूसचे निघते. माझ्या मते पहिली पसंती आम्रपालीला हवी. आंब्याला मोहोर येण्यासाठी थंड रात्री लागतात, आणि भंडारा जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत त्या भरपूर मिळतात. अडचण पुढे, मे महिन्यात येते. पारा ४५ अंशांकडे सरकतो, जमिनीतून उष्णतेच्या झळा उठतात आणि हापूसच्या गरात साका धरतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून तयार झालेली आम्रपाली साक्यापासून जवळपास मुक्त आहे. ती दरवर्षी फळते, झाड ठेंगणे राहते आणि फळ उशिरा, दक्षिणेकडच्या बैंगनपल्लीचा लोंढा ओसरू लागल्यावर तयार होते. लहान शेतकऱ्याला भाव मिळण्याची संधी नेमकी तिथे आहे.

यावर रास्त आक्षेप पावसाचा. जूनच्या मध्यानंतर फळमाशी आणि करपा दोन्ही बळावतात, हे खरेच. पण फळमाशीचे नर मिथाईल युजेनॉलच्या सापळ्यात अडकतात, आणि कागदी पिशवीतल्या फळाला माशी डंख करू शकत नाही. उंच गावरान झाडावर पिशव्या बांधणे अशक्यच. ठेंगण्या आम्रपालीची बहुतेक फळे हाताशी येतात. करप्यासाठी मात्र छाटणी करून झाड मोकळे ठेवावेच लागेल. फळ लहान असते ही तक्रारही मान्य, परंतु गर गडद केशरी, गोड आणि कोय पातळ.