स्कूबा डायव्हिंगमधील प्लवन-हार्नेस : निवड, जुळवणी आणि वजनाचा हिशेब

प्रास्ताविक

लोअर परळ परिसरात गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या उंच इमारती धुणारे कामगार दोरावर लोंबकळताना आपण नेहमी पाहतो. त्यांच्या अंगावरील हार्नेसने खाली जाऊ पाहणाऱ्या देहाचा भार पेलावयाचा असतो. म्हणून त्यात मांड्यांभोवतीचे पट्टे महत्त्वाचे. पाणबुड्याच्या हार्नेसवरील बलाची दिशा मात्र उलट असते. हवेने फुगलेली पिशवी वर जाऊ पाहते, शिशाची वजने देहाला खाली धरून ठेवतात, आणि पट्टे सैल असतील तर सगळा संच सरकत कानांपाशी येतो. हा फरक ध्यानी घेतला की निवडीविषयीचे बरेचसे प्रश्न सोपे होतात.

ज्या मालवण मुलखातून चाकरमानी गिरणगावात आले, त्याच मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर आता मुंबईकर स्कूबा डायव्हिंगसाठी जातात. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे. पहिल्या अनुभव-डुबकीत झडपा मार्गदर्शकच हाताळतो. परंतु प्रमाणपत्र अभ्यासक्रमास बसणाऱ्या विद्यार्थ्यास, तद्वतच विद्यार्थ्यांचा गट घेऊन जाणाऱ्या प्राध्यापकास, या साधनाची जाण असणे आवश्यक ठरते.

साधनाचे स्वरूप

पाणबुडे ज्यास ‘बीसीडी’ म्हणतात त्या साधनाचे तीन भाग असतात : हवापिशवी, हवा भरण्या-सोडण्याच्या झडपा आणि हे सर्व सिलिंडरसह देहाशी बांधणारा हार्नेस. फ्रान्समधील मॉरिस फेन्झी यांच्या १९६१ च्या रचनेत पिशवी गळ्यात असे. पुढे १९७० च्या दशकात जाकिटासारखी रचना रूढ झाली. आज तीन प्रकार दिसतात. जाकीट प्रकारात हवा कुशींभोवती व पाठीवर पसरते. दुसऱ्यात ती केवळ पाठीमागे राहते. तिसऱ्यात धातूची पाठपट्टी, सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीचा अखंड नायलॉनचा पट्टा व स्वतंत्र हवापिशवी असते. भाड्याने मिळणारे साधन बहुधा जाकीटच असते, आणि शिकाऊ व्यक्तीस ते गैरसोयीचेही नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. बीसीडी म्हणजे जीवरक्षक जाकीट नव्हे. बेशुद्ध व्यक्तीचे तोंड पाण्याबाहेर राहील याची हमी ते देत नाही. दि. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. नौकेतील प्रवासात, जाताना व येतानाही, जीवरक्षक जाकीटच अंगावर असावयास हवे.

वजनाचा हिशेब

खरेदीदार प्रथम विचारतो, “हे किती किलो उचलते?” माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावयाचा आहे. अकरा लिटरच्या सिलिंडरमधील दाब डुबकीत २०० बारवरून ५० बारवर आला म्हणजे सुमारे १,६५० लिटर हवा खर्च होते. तिचे वजन सुमारे दोन किलो. त्याखेरीज खोलीवर वेटसूट दाबला जाऊन त्याचे प्लावक बल घटते. कोकणच्या उबदार पाण्यातील पातळ सुटाबाबत ही घट किलो-दोन किलोंचीच असते. पृष्ठभागावर डोके बाहेर ठेवण्यासाठी आणखी चार-पाच किलो धरले तरी एकूण गरज नऊ-दहा किलोंच्या पुढे सहसा जात नाही. मोठी पिशवी घेणे म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे.

खरा धोका जादा शिशाचा आहे. समजा, चार किलो वजन अनावश्यक आहे. ते तोलण्यासाठी दहा मीटर खोलीवर पिशवीत सुमारे चार लिटर हवा जादा भरावी लागते. तेथे दाब दोन वातावरणांचा असतो. पाच मीटरवर तो दीड होतो आणि बॉइलच्या नियमानुसार तीच हवा सव्वापाच लिटरहून अधिक होते. पृष्ठभागी आठ लिटर. म्हणजे पाणबुड्या जसजसा वर येतो, तसतशी त्याची वर जाण्याची गती त्याच्या नकळत वाढत जाते. घाबरून त्याने श्वास रोखला तर दीड-दोन मीटरचे चढणेही फुप्फुसास इजा करू शकते.

निवड व जुळवणी

हार्नेसचे माप छातीच्या घेरावरून नव्हे, तर खांद्यापासून कमरेपर्यंतच्या लांबीवरून ठरवावे. ठेंगण्या व्यक्तीच्या अंगावर लांब जाकीट कमरेऐवजी नितंबांवर बसते आणि वजनपट्ट्याच्या आड येते. भाड्याच्या दुकानात ‘मीडियम’ म्हणून जे हाती पडते ते निमूटपणे घेऊ नये.

नेसताना प्रथम सर्व पट्टे सैल करावेत. आधी कंबरपट्टा आवळावा, नंतर खांद्यांचे पट्टे, शेवटी छातीचा. क्रम उलटला तर भार खांद्यांवर येतो व कंबर मोकळी राहते. खांद्याच्या पट्ट्याखालून तळहात सहज सरकावा. मग पिशवी पूर्ण फुगवून दीर्घ श्वास घेऊन पाहावा. छाती आवळली जात असेल तर माप चुकले. ही चाचणी जमिनीवरच करावयाची, आणि नेमकी हीच बहुतेकजण टाळतात. जाकीट वर सरकत असल्यास मांड्यांमधून जाणारा पट्टा हा त्यावरील उपाय आहे. दोरावरील कामगाराच्या मांडीपट्ट्याचे काम भार पेलण्याचे. हा पट्टा केवळ संच खाली धरून ठेवतो.

सिलिंडरचा पट्टा ओला करून मगच आवळावा, कारण भिजल्यावर नायलॉन ताणतो. मान मागे वळविली असता डोके झडपेवर आपटू नये इतकी सिलिंडरची उंची ठेवावी.

वजनाची परीक्षा पाण्यात होते. पिशवी रिकामी, सिलिंडरमध्ये सुमारे ५० बार हवा आणि छातीत नेहमीचा श्वास, अशा स्थितीत स्थिर राहिल्यास पाणी डोळ्यांच्या पातळीशी यावे. श्वास सोडताच देह हळूहळू बुडावा. सिलिंडर भरलेले असेल तर दोन किलो अधिक धरावेत. मुंबईतील गोड्या पाण्याच्या तलावात ठरविलेले वजन मालवणास तसेच चालणार नाही. समुद्रजल सुमारे अडीच टक्क्यांनी अधिक घन असल्याने साहित्यासह शंभर किलो भरणाऱ्या व्यक्तीस तेथे अंदाजे अडीच किलो शिसे वाढवावे लागते, व परीक्षा किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात पुन्हा घ्यावी लागते.