‘अनॉन’ : एका जुन्या इंग्रजी क्रियाविशेषणाचा अर्थ

शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ या नाटकाच्या पहिल्या भागात (मुद्रण १५९८) मद्यगृहातील फ्रान्सिस नावाचा पोऱ्या एकच शब्द पुनःपुन्हा उच्चारतो : ‘अनॉन’. राजपुत्र त्याला बोलण्यात गुंतवितो, शेजारच्या खोलीतून पॉइन्स हाका मारतो; पोऱ्या ओ देतो, पण जात नाही. येथे ‘तत्काळ’ असे भाषांतर केले तर विनोद मरतो. ‘थोड्या वेळाने’ असे केले तर बिचारा उद्धट ठरतो. वस्तुतः दोन्ही अर्थ खरे आहेत.

प्राचीन इंग्रजीत ‘ऑन’ हे अव्यय आणि ‘आन’ म्हणजे एक, यांच्या योगाने हा शब्द सिद्ध झाला. मूळ अर्थ ‘एकात’. त्यावरून ‘एकसरशी, तत्क्षणी’. १६११ च्या इंग्रजी बायबलात, मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील पेरणाऱ्याच्या दृष्टान्तात, तो याच अर्थाने आला आहे. आपल्या ‘एकदम’ची घडण अशीच आहे : फारसी ‘यक’ म्हणजे एक, ‘दम’ म्हणजे श्वास. परंतु ‘एकदम’ने आपली त्वरा राखली, ‘अनॉन’ मात्र ‘तत्काळ’वरून ‘लवकरच’वर आणि तेथून ‘जरा वेळाने’वर घसरला. ‘सून’ या शब्दाचीही हीच गत झाली. आळस माणसांचा, शिक्षा शब्दांना!

क्रियाविशेषणाच्या जागी क्रियाविशेषणच हवे, हा हट्ट सोडला तर वाट सापडते. आणि ती शोधण्यास कोशापेक्षा खानावळ बरी. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधील एखाद्या खानावळीची कल्पना करावी. तमिळमध्ये ‘तत्काळ’ या अर्थी ‘उडने’ हा शब्द आहे. ‘उडन’ म्हणजे सोबत. पण पलीकडच्या पानावरून हाक आली की वाढप्याच्या तोंडी येते ते ‘इदो, वन्दुट्टेन’, म्हणजे ‘हा पाहा, आलोच’. क्रियापद भूतकाळी, मनुष्य अद्याप स्वयंपाकघराच्या दारात! मराठी पोऱ्याही ‘आलो, आलो!’ असेच ओरडतो. त्वरेचे वचन आणि विलंबाची कबुली या एकाच रूपात एकवटली आहे. फ्रान्सिसच्या मुखी ‘आलो, साहेब, आलो!’ घालावे ते याचसाठी.

अर्थात दृष्टान्तातील स्थळी ‘लगेच’ हाच शब्द योग्य. आणि ‘एव्हर अँड अनॉन’ या जोडीत तर तो ‘मधूनमधून’ एवढाच उरतो.