धूर दिसतो, रद्द झालेली फेरी दिसत नाही

शहरबस आणि हवेचं प्रदूषण असा विषय निघाला की चर्चा दोन वाक्यांत इंधनावर येऊन ठेपते. डिझेल वाईट, सीएनजी बरं, वीज उत्तम. तेव्हा इलेक्ट्रिक बस घ्या आणि मोकळे व्हा. इंधनाचं महत्त्व कोणी नाकारत नाही. पण हवा सुधारण्याची जी साधनं बस चालवणाऱ्या संस्थेच्या हातात असतात, त्यांतली बरीचशी आगारात आणि वेळापत्रकाच्या टेबलावर पडून असतात. मुंबईची बेस्ट आणि पुण्याची पीएमपीएमएल डोळ्यांसमोर ठेवून काही रूढ समजुती तपासून पाहू.

गैरसमज १: काळा धूर ओकते ती बस, म्हणजे हवा बिघडवते तीही बसच.

वस्तुस्थिती: चढावर काळा लोट सोडणारी जुनी बस नजरेत भरते. तिच्याभोवती अडकलेल्या चाळीस दुचाक्यांचा धूर कोणाला दिसत नाही. ढोबळ हिशेब मांडून पाहा. शहराच्या रहदारीत डिझेल बस लिटरला साडेतीन किलोमीटरच्या आसपास जाते. तिच्यात पन्नास माणसं असतील तर एका लिटरमध्ये १७५ ‘प्रवासी-किलोमीटर’ पदरात पडतात. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी आणि बहुतेक वेळा एकालाच नेणारी दुचाकी पन्नाशीच्या आसपास राहते. लिटरला बारा किलोमीटर जाणाऱ्या, सरासरी दीड माणूस नेणाऱ्या मोटारीचा आकडा येतो अठरा.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. त्याच बसमध्ये चौघेच असतील तर तिचा आकडा चौदावर येतो आणि ती मोटारीलाही हरते. दुचाकीची बरोबरी करायची तर बसमध्ये किमान चौदा-पंधरा प्रवासी हवेत. शिवाय हा झाला नुसत्या इंधनाचा हिशेब. जुनं डिझेल इंजिन लिटरमागे काजळीही जास्त टाकतं. बस स्वच्छ की घाण, हे तिच्या इंजिनाइतकंच तिच्यात किती माणसं बसली यावर ठरतं.

गैरसमज २: मग रिकाम्या धावणाऱ्या फेऱ्या बंद करा, इंधनही वाचेल, हवाही सुधारेल.

वस्तुस्थिती: कागदावर हे पटतं आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. प्रवासी तिकीट काढतो ते एका फेरीचं, पण बसवर विसंबतो ते जाण्या-येण्याच्या खात्रीमुळे. हडपसरला कामाला जाणारी एखादी बाई सकाळच्या भरगच्च बसने जाते. रात्री नऊनंतर परतीची बस मिळेल हा भरवसा उडाला की ती हप्त्यावर स्कूटर घेते. स्कूटर दारात आली की सकाळीही बसची वाट कोण बघणार? उत्पन्न नाही म्हणून रात्रीची फेरी रद्द झाली आणि त्यापायी सकाळच्या भरलेल्या फेरीचा प्रवासी गेला. पुढे सकाळची फेरीही ‘तोट्यातली’ ठरते.

रात्री मोठ्या बसऐवजी छोटी बस सोडणं, लोकलच्या किंवा कारखान्याच्या पाळीच्या वेळेशी फेरी जुळवणं, हे उपाय फेरी रद्द करण्यापेक्षा कष्टाचे आहेत, पण टिकाऊ आहेत. कात्री चालवायचीच असेल तर ती ‘डेड किलोमीटर’वर चालवावी. बस आगारातून पहिल्या थांब्यापर्यंत आणि रात्री शेवटच्या थांब्यावरून आगारापर्यंत रिकामी धावते, ते हे अंतर. मार्ग एका टोकाला आणि आगार दुसऱ्या टोकाला असेल, तर रोज हे इंधन कोणालाही न नेता जळतं. कोणती बस कोणत्या आगाराला द्यायची, याच्या फेरवाटपाला नवी खरेदी लागत नाही.

बसची संख्या हा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे. केंद्र सरकारच्या निकषांनुसार शहरात लाख लोकसंख्येमागे साठ बस असणं ही चांगली सेवा. २०११च्या जनगणनेतच पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून लोकसंख्या ४८ लाखांवर होती. त्या हिशेबाने तेव्हाच २,९०० बस हव्या होत्या. ताफा आजही दोन हजारांच्या आसपास घुटमळतो आहे. एकेकाळी चार हजारांहून अधिक बस बाळगणारी बेस्ट आता तीन हजारांच्या खाली आली आहे, आणि तेही सव्वा कोटींच्या मुंबईत.

लोक बसकडे परत येतात का? येतात. जुलै २०१९मध्ये बेस्टने किमान भाडं पाच रुपयांवर आणलं आणि थोड्याच काळात रोजचे प्रवासी लाखांनी वाढले. मात्र स्वस्त तिकीट लोकांना थांब्यापर्यंत आणतं. तिथे बस वेळेवर आली नाही तर तेच लोक शेअर रिक्षात बसतात. मे २०२५मध्ये हे भाडं दहा रुपये झालं. तिकिटाचा दर हा फक्त महसुलाचा निर्णय नाही, हवेचाही आहे, ही गोष्ट भाडेवाढीच्या चर्चेत क्वचितच कोणी काढतं.

गैरसमज ३: सगळ्या बस इलेक्ट्रिक झाल्या की प्रश्न सुटला.

वस्तुस्थिती: पुण्यात फेब्रुवारी २०१९पासून इलेक्ट्रिक बस धावत आहेत, मुंबईत २०२३पासून विजेवरच्या वातानुकूलित डबलडेकर आल्या. त्यांचा फायदा खराखुरा आहे. सायलेन्सरच नसल्याने काजळी आणि नायट्रोजन ऑक्साइड सिग्नलला उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराच्या नाकाशी येत नाहीत. वेग कमी करताना बसची विद्युत मोटारच वीज परत बनवते, त्यामुळे ब्रेक कमी घासतो आणि ब्रेकची भुकटीही कमी उडते.

पण तीन गोष्टी उरतात. पहिली, बॅटरीच्या वजनामुळे टायरची झीज. पुण्या-मुंबईच्या हवेतील जाड धूलिकणांत रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा आहे आणि ती उडवायला सायलेन्सर लागत नाही. दुसरी, वीज. बारा मीटरची वातानुकूलित ई-बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट वीज घेते. देशात एका युनिटमागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे किलोमीटरला सुमारे पावणेनऊशे ग्रॅम. लिटरला तीन किलोमीटर जाणारी वातानुकूलित डिझेल बसही जवळपास तेवढाच सोडते. त्यामुळे शहराच्या हवेसाठी ई-बस आजच फायद्याची आहे. हवामानबदलाच्या खात्यात तिचा फायदा वीज जशी स्वच्छ होत जाईल तसा वाढेल. तोवर धुराचा काही भाग कोराडी आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या चिमण्यांकडे सरकतो. तिथेही माणसंच श्वास घेतात.

तिसरी गोष्ट कंत्राटाची. हल्ली बहुतेक ई-बस कंत्राटदाराच्या असतात आणि त्याला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरमागे. बस भरलेली आहे की रिकामी, याच्याशी त्याच्या बिलाचा संबंध नसतो. प्रवाशांची जबाबदारी मग संस्थेची. आणि मार्ग-वेळा ठरवणारा तिचा विभागच अशक्त असेल, तर शून्य धुराची बस शून्य प्रवासी घेऊन फिरते. दुचाक्या होत्या तिथेच राहतात.

गैरसमज ४: सीएनजी म्हणजे स्वच्छ, त्यात बघायचं काही उरत नाही.

वस्तुस्थिती: दिल्लीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८मध्ये तिथल्या सगळ्या बस सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. ३१ मार्च २००१ची मुदत हुकली, तरी २००२ संपता संपता डिझेल बस रस्त्यावरून गेल्या. बसमागचा काळा धूर संपला. पण पुढच्या वर्षांत मोटारी आणि दुचाक्या अशा वाढल्या की कमाई त्यांनी खाऊन टाकली.

सीएनजीत काजळी फार कमी, पण नायट्रोजन ऑक्साइड असतातच. गळका जोड किंवा अर्धवट ज्वलन झालं की मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आहे. स्पार्क प्लग वेळेवर बदलला नाही, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला, तरी बस धावत राहते आणि धूर दिसत नसल्याने कोणी तक्रारही करत नाही.

गैरसमज ५: पीयूसी आहे ना? मग झालं.

वस्तुस्थिती: पीयूसीच्या चाचणीत डिझेल बस उभ्या जागी, माणसं न भरता, नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबून तपासतात आणि धुराचा दाटपणा मोजतात. सीएनजी बसची तपासणीही उभ्या जागीच होते. साठ माणसं घेऊन चढ चढताना काय बाहेर पडतं, हे त्यात येत नाही. नायट्रोजन ऑक्साइड तर मोजलेच जात नाहीत.

१ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल बसमध्ये काजळीचा फिल्टर असतो आणि नायट्रोजन ऑक्साइड मारण्यासाठी युरियाचं द्रावण, म्हणजे आगाराच्या भाषेत डीईएफ, फवारलं जातं. ही यंत्रणा सायलेन्सर पुरेसा तापला तरच नीट चालते. पावला-पावलाला थांबणाऱ्या मार्गावर तो तापत नाही आणि फिल्टर चोंदतो. अशा बस गर्दीच्या छोट्या मार्गावर अडकवून न ठेवता लांबच्या, थोड्या वेगवान मार्गांवर फिरवत ठेवणं हा बिनखर्चाचा प्रदूषणनियंत्रक उपाय आहे.

गैरसमज ६: इंजिन चालू ठेवणं ही चालकाची बेफिकिरी.

वस्तुस्थिती: कधी कधी असते. बहुतेकदा तो देखभालीचा आरसा असतो. पहाटे कोणत्याही जुन्या आगारात उभं राहा. ओळीने बस सुरू होतात आणि दहा-पंधरा मिनिटं जागेवरच घुमत राहतात. चालकाची नजर हवेच्या दाबाच्या काट्यावर असते. ब्रेक हवेवर चालतात. रात्रीतून टाकीतली हवा निघून गेलेली असते आणि काटा वर आल्याशिवाय बस हलवता येत नाही. जोड घट्ट असते, तर हवा सकाळपर्यंत टिकली असती आणि हे इंधन जळलंच नसतं.

शेवटच्या थांब्यावरची कथा निराळी नाही. बॅटरी म्हातारी झालेली असते. बंद केलेली बस पुन्हा सुरू झाली नाही तर धक्का मारायला माणसं गोळा करा, फेरी चुकली म्हणून वर जबाब द्या. म्हणून चालक ती बंदच करत नाही. नुसतं घुमणारं मोठं इंजिन तासाला दीड ते तीन लिटर डिझेल पितं. अशा चालकाला नोटीस देणं म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. आधी बॅटरी बदला, हवेची गळती काढा, मग ‘पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं तर इंजिन बंद’ हा नियम लावा. तो पाळलाही जाईल.

गैरसमज ७: चालकाच्या हातात काय आहे? गाडी जशी, तसा धूर.

वस्तुस्थिती: आगारात याचं मोजमाप वर्षानुवर्षं होतं, त्याला केएमपीएल म्हणतात, लिटरमागे किलोमीटर. त्याच मार्गावर, तीच बस, पण दोन चालकांच्या केएमपीएलमध्ये फरक पडतो. एक जण सिग्नल लाल दिसताच पाय काढून घेतो. दुसरा सिग्नलपर्यंत रेटतो आणि करकचून ब्रेक लावतो. दुसऱ्याचं डिझेलही जास्त जातं आणि ब्रेकही जास्त झिजतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, चालकांना याचं प्रशिक्षण देते.

पण हे आकडे वापरायचे कसे, यात मेख आहे. कमी केएमपीएलच्या चालकाला थेट दम भरला, तर त्याच्या वाट्याला आलेल्या बसचा एअर फिल्टर चोंदलेला आहे आणि टायरमध्ये हवा कमी आहे, हे कधी कळणारच नाही. आधी गाडी तपासा, मग हात. शिवाय वेळापत्रकात मार्गासाठी पन्नास मिनिटं लिहिली आहेत आणि रस्त्यावर सत्तर लागतात, अशा ठिकाणी कोणताही चालक रेटणारच. वेळापत्रक खरं करणं हीसुद्धा इंधनबचत आहे.

गैरसमज ८: बसला वेगळी मार्गिका दिली की उरलेल्या रस्त्यावर कोंडी, म्हणजे प्रदूषण उलट वाढतं.

वस्तुस्थिती: पुण्याने डिसेंबर २००६मध्ये स्वारगेट-कात्रज रस्त्यावर बीआरटीचा प्रयोग केला, देशातला तो पहिला. त्यातल्या त्रुटींवर पुणेकरांनी भरपूर तोंडसुख घेतलं आणि त्यातलं बरंचसं रास्तही होतं. म्हणून मूळ गणित चुकीचं ठरत नाही. कोंडीत अडकलेली बस तेवढ्याच किलोमीटरला जास्त इंधन जाळते आणि दिवसाला कमी फेऱ्या करते. तिचा वेग वाढला तर त्याच बस, त्याच चालकांत जास्त फेऱ्या निघतात, थांब्यावरचं ताटकळणं कमी होतं. मार्गिका बसने रिकामी ठेवली तर लोक संतापणारच. तिच्यात दर दोन-तीन मिनिटांनी बस आली, तरच ती जागेचं मोल फेडते. मार्गिका देणं महापालिकेचं आणि वाहतूक पोलिसांचं काम, ती भरून दाखवणं बससंस्थेचं.

हे सगळं जमेस धरलं तर बससंस्थेकडून पहिली अपेक्षा साधी हिशेबाची आहे. ताफ्यात किती टक्के बस विजेवर, हा आकडा प्रत्येक लोकार्पणाला सांगितला जातो. त्याच्या जोडीने दर महिन्याला चार आकडे फलकावर लावावेत: किती फेऱ्या रद्द झाल्या, किती बस रस्त्यात बंद पडल्या, डेड किलोमीटर किती झाले आणि एका बसमध्ये सरासरी किती प्रवासी होते. चौथा आकडा वर जायला हवा, पहिले तीन खाली. एवढं साधलं तर डिझेलची बससुद्धा शेजारच्या दुचाक्यांपेक्षा शहराचं जास्त भलं करते; आणि हे न साधता घेतलेली इलेक्ट्रिक बस ही नुसती महागडी खरेदी राहते.