जर्मनीच्या नोकरीआधी जर्मन

आयटीआय झालेला वऱ्हाडातल्या नांदुऱ्याचा इलेक्ट्रिशियन जर्मनीत नोकरीला जाईल, यात आता नवल उरलेलं नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने तिथल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि सुरुवातीला 10 हजार तरुणांचं लक्ष्य ठेवलं. जर्मनचं प्रशिक्षण त्या योजनेतच आहे, हे चांगलंच झालं. पण परीक्षेपुरती जर्मन येणं वेगळं आणि कामावर निभावेल इतकी येणं वेगळं. तरुण तिथे टिकेल की नाही, ते या दुसऱ्या जर्मनवर ठरेल.

गेल्यावर आपोआप येते भाषा, असं पुष्कळजण म्हणतात. जर्मनीचाच इतिहास याच्या उलट सांगतो. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला, तेव्हा ही माणसं काही वर्षांत परततील असंच गृहीत धरलं होतं. त्यांना भाषा शिकवण्याची निकड सरकारला वाटली नाही. 1973 मध्ये भरती थांबली, माणसं मात्र राहिली, त्यांची कुटुंबंही आली. देशभर भाषावर्गांची कायदेशीर व्यवस्था व्हायला 2005 साल उजाडलं. तोवर किती आईबापांना दवाखान्यात आणि कचेरीत स्वतःची शाळकरी मुलं दुभाषी म्हणून न्यावी लागली! दुसरा आक्षेप मोबाइलवरच्या भाषांतराचा आणि इंग्रजीचा. संगणक अभियंत्याचं इंग्रजीवर भागेलही. वायरमनला मात्र ‘लाइन चालू आहे, हात लावू नको’ हे त्याच क्षणी कळायला हवं. नर्सला तर व्यवसायाची मान्यता मिळवण्यासाठीच साधारणपणे बी2 पातळीची जर्मन लागते.

शिवाय वर्गात शिकवतात प्रमाण जर्मन, आणि बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये कानावर पडते श्वेबियन किंवा आलेमानिक बोली. इथे वऱ्हाडातल्या मुलांनी बिचकू नये. घरी वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी अशी ये-जा ती लहानपणापासून करत आली आहेत. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. तू आणि तुम्ही असा भेदही आहे. शब्दांची लिंगं पाठच करावी लागतात, पण नपुंसकलिंग म्हणजे काय इथपासून मराठी मुलाला सुरुवात करावी लागत नाही.

म्हणून शासनाने आयटीआयच्या कार्यशाळेतच, हत्यारं हातात देऊन जर्मन शिकवावी. आणि जाणाऱ्यांनो, ‘कळलं नाही, पुन्हा सांगा’ हे वाक्य सगळ्यात आधी शिका. तिथे पोचल्यावर भाषेचा वर्ग कोण देणार, त्याची फी कोण भरणार आणि तो कामाच्या वेळेत असेल का, हे करारात लिहून घ्या. मगच सही करा.