अंदमानांतील एका विमानतळाची हकीकत

आमच्या खानदेशांत जळगांव येथें विमानतळ आहे व धुळ्यानजीक गोंदूर येथेंही धावपट्टी आहे. आकाशांत विमानाचा आवाज झाला म्हणजे वर्गांतील मुलांचे डोळे पुस्तकांतून खिडकीकडे वळतात, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. परंतु विमान ज्या जमिनीवर उतरतें ती कोणीं, कशासाठीं व कोणत्या परिस्थितींत सपाट केली, हा विचार सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. म्हणून जपानी लष्कराच्या अंमलांत उभ्या राहिलेल्या एका विमानतळाची हकीकत येथें सादर करीत आहों.

हा विमानतळ बंगालच्या उपसागरांतील अंदमान बेटांत, पोर्ट ब्लेअर येथें आहे. २०२४ सालीं त्या शहरास श्रीविजयपुरम् असें नवें नांव मिळालें. दुसऱ्या महायुद्धांत, ८ मार्च १९४२ रोजीं, ब्रह्मदेशांतील रंगून शहर जपान्यांच्या हातीं पडलें. तेथील फौजेस रसद पोंचविण्याच्या समुद्रमार्गाच्या कडेलाच हीं बेटें असल्यानें तीं ताब्यांत ठेवणें जपानला अगत्याचें वाटलें. ब्रिटिश फौज आधींच निघून गेली होती. २३ मार्च रोजीं जपानी सैन्य जवळजवळ बिनविरोध तेथें उतरलें.

डोंगराळ व दाट जंगलाच्या बेटावर धावपट्टी तयार करणें सोपें नसतें. जड विमानास वेग घेण्यासाठीं लांब, सरळ व टणक जमीन लागते. पाणी तुंबलें तर चाकें रुततात. अंदमानांत तर वर्षास सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या जळगांवच्या सुमारें चौपट! टेकाडें फोडावीं, खळगे भरावे, माती वाहून ती दाबून बसवावी, असें हें काम बेटावरील रहिवाशांकडून सक्तीनें करून घेण्यांत आलें. काळ्या पाण्याची शिक्षा भोगावयास आलेल्या भारतीय कैद्यांचे वंशज त्यांत पुष्कळ होते.

२९ डिसेंबर १९४३ रोजीं नेताजी सुभाषचंद्र बोस विमानानें येथें आले व दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तिरंगा फडकविला. तो दिवस प्रत्येक भारतीयास अभिमानाचा वाटतो. परंतु त्याच सुमारास हेरगिरीच्या संशयावरून पकडलेले अनेक निरपराध लोक सेल्युलर जेलमध्यें छळ सोशीत होते. डॉ. दिवाणसिंग यांचा १४ जानेवारी १९४४ रोजीं त्या छळानें अंत झाला, आणि ३० जानेवारी रोजीं हंफ्रेगंज येथें ४४ जणांना गोळ्या घालण्यांत आल्या. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी झांकणें इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभत नाहीं.

ऑक्टोबर १९४५ मध्यें जपानी सैन्यानें तेथें शस्त्रें खालीं ठेविलीं. पुढें हा विमानतळ स्वतंत्र भारताकडे आला. आज सुमारें ३३०० मीटर लांबीची ती धावपट्टी नौदल सांभाळतें व प्रवासी विमानेंही तिच्यावर उतरतात. आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतील भगूर येथें जन्मलेले स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ सालीं जन्मठेपेचे कैदी म्हणून जहाजानें याच बेटावर आले होते. २००२ सालीं विमानतळास त्यांचें नांव देण्यांत आलें.

दक्षिणेकडील कार निकोबार बेटावरचा विमानतळही जपानी अंमलांतलाच. आज तेथें आपल्या हवाई दलाचा तळ आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामींत त्या तळावरील शंभराहून अधिक माणसें, जवान व त्यांचे कुटुंबीय, प्राणांस मुकलीं. तरीही उरलेल्या धावपट्टीवर मदतीचीं विमानें उतरलीं, आणि युद्धासाठीं केलेली ती जमीन आपद्ग्रस्तांच्या कामास आली.

इमारतीस एखाद्या थोर पुरुषाचें नांव देतां येतें. परंतु जमीन सपाट करणाऱ्या हातांचीं नांवें बहुधा कोठेंच लिहिलीं जात नाहींत. आमच्या वाचकांपैकीं कोणी पालक मुलांना सेल्युलर जेल दाखविण्यास अंदमानांत गेले, तर विमानांतून उतरतांना क्षणभर थांबून त्यांनीं मुलांना पायांखालची जमीन दाखवावी, व ती कोणाच्या घामानें तयार झाली हेंही सांगावें, एवढीच आमची विनंति आहे.