सोंगाड्याची नोंद कुठल्या दप्तरात?



या पानावर मी एरवी बीजप्रक्रिया, हुमणी, ठिबकचं अनुदान असल्या गोष्टी लिहितो. आज विषय वेगळा आहे. आज एका हसवणाऱ्या माणसाबद्दल सांगायचंय, आणि त्याच्या निमित्तानं आपल्याच गावातल्या दुसऱ्या एकाबद्दल. त्यात ग्रामपंचायतीच्या मंडळींकडं माझं एक कामही आहे. ते शेवटी सांगतो, म्हणजे तुम्ही तोवर वाचाल.

यंदा मे महिन्यात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची सभा होती. दुपारची वेळ, देवळाचा मंडप, वर पत्रा तापलेला. मी गोणपाट भिजवून त्यावर शंभर दाणे ओळीनं मांडले. शंभरात सत्तर उगवले तर बियाणं पेरायला चांगलं, त्याहून कमी उगवले तर एकरी बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर ते पेरूच नका, असं समजावून सांगत होतो. पुढच्या रांगेतले तिघं डुलक्या घेत होते. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "सायेब, शंभरात सत्तर उगवलं की बी चांगलं व्हय? आमच्या फडात शंभरात सत्तर हसली तर मालक पगार कापायचा. म्हनायचा, तीस का झोपली?"

सारा मंडप जागा झाला. झोपलेले तिघंही हसले. त्यानंतर मी जे सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं, एवढंच नाही तर पुढच्या आठवड्यात अकरा जणांनी घरी चाचणी केली. माझ्या नोकरीत एका सभेनंतर अकरा म्हणजे चांगलंच पीक.

सभा संपल्यावर चौकशी केली. हे आजोबा पंचवीस-तीस वर्षं तमाशाच्या फडात सोंगाड्या होते. आता चार शेळ्या राखतात. मी सहज विचारलं, "तुमचा गुरू कोण?" ते म्हणाले, "गुरू फडातला. पर दैवत दादा."

दादा म्हणजे दादा कोंडके. आमच्या पिढीनं त्यांना पडद्यावर पाहिलं ते उशिरा, जत्रेतल्या तंबूत, मातीवर बसून. ते गेले १४ मार्च १९९८ ला. तेव्हा मी शाळेत होतो. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांनी मात्र बैलगाडीनं, ट्रकनं तालुक्याला जाऊन त्यांचे चित्रपट पाहिलेत. नाडी लोंबणारी ढगळ चड्डी, भाबडा चेहरा आणि तोंडात "आये". एवढ्यावर माणसं खुर्चीवरून खाली पडायची.

हा माणूस खेड्यातला असेल असं सगळ्यांना वाटतं. मूळ गाव खरंच आपल्यासारखंच, भोरजवळचं इंगवली. पण जन्म १९३२ सालचा, मुंबईतल्या नायगावचा, गिरणगावातला. खरं नाव कृष्णा. घरचं किराणा दुकान, चाळी होत्या, त्यात गिरणी कामगार भाडेकरू. घरातली माणसं बॉम्बे डाइंगमध्ये. म्हणजे पोर वाढलं ते अशा ठिकाणी, जिथं अख्ख्या महाराष्ट्राचं खेडं एका चाळीत कोंबलेलं होतं. साताऱ्याची बोली एका खोलीत, कोकणातली दुसरीत, घाटावरची जिन्यात. पुढं पडद्यावर जे खेडं त्यांनी उभं केलं ते या चाळीत कान उघडे ठेवल्याचं फळ, असं माझं मत आहे. तरुणपणी दांडगाई, मारामाऱ्याही केल्या. मग अपना बाजारात नोकरी, बँड पथक आणि सेवा दलाचं कलापथक. याच सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले आले, राम नगरकर आले. आजच्या पिढीला हे खरं वाटत नाही, पण त्या काळात समाजाला चार शब्द सांगायचे तर आधी हसवावं लागतं, हे त्या मंडळींना ठाऊक होतं. आम्हा विस्तारवाल्यांना ते अजून शिकवलं जात नाही. आम्हाला तक्ते देतात.

आयुष्याच्या अखेरच्या काळात दादांनी आपली हकीकत अनिता पाध्ये यांना सांगितली. तिचं पुस्तक झालं, 'एकटा जीव'. नाव वाचूनच कळतं की आत नुसता हशा नाही. थोड्या काळात घरातली जवळची माणसं एकापाठोपाठ गेली, तो घाव मोठा होता. त्यानंतर या माणसानं ठरवलं की आता लोकांना हसवायचं. आपल्याकडं दुःख झालं की माणूस एक तर देवाला लागतो, नाहीतर बाटलीला. याला तिसरी वाट सापडली. ती सोपी होती असं मी म्हणणार नाही.

१९६५ मध्ये वसंत सबनीस यांचं लोकनाट्य 'विच्छा माझी पुरी करा' रंगमंचावर आलं आणि दादा हवालदार झाले. मूळ वग छपरी पलंगाचा. ग्रामपंचायतीतल्या आणि पंचायत समितीतल्या मंडळींनी गोष्ट नीट ऐका. राज्याचा कोतवाल मरतो. हवालदाराला वाटतं, इतकी वर्षं सेवा केली, आता जागा आपली. पण प्रधान आपल्या मेव्हण्याला कोतवाल करतो. मग हवालदार मैनावतीच्या मदतीनं त्या नव्या कोतवालाला राजाच्या छपरी पलंगाच्या चोरीत अडकवतो. साठ वर्षं होत आली या गोष्टीला. तुमच्या ओळखीचा एखादा मेव्हणा आठवला की नाही?

या वगाचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. लिहिलेलं सबनीसांचं, पण दादा रोज त्यात ताजं काही घालायचे. सकाळच्या पेपरातली बातमी रात्री वगात. तमाशातल्या बतावणीची ही जुनी रीत. गण झाला, गौळण झाली की सोंगाड्या पुढं येतो आणि राजापासून पाटलापर्यंत कुणालाही बोलतो. त्याला ती मुभा असते. राजानं रागवायचं नसतं, कारण रागावला तर लोक त्यालाच हसतात. इंदुरीचे दादू इंदुरीकर 'गाढवाचं लग्न'मध्ये हेच करायचे, त्यांना १९७३ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, हेच करायचे. दादांनी ती रीत शहरातल्या नाट्यगृहात नेली, आणि तिथल्या पांढरपेशांनी तिकीट काढून ऐकून घेतलं.

'विच्छा'तलं काम आशा भोसले यांनी पाहिलं आणि भालजी पेंढारकरांना सांगितलं. त्यातून १९६९ मध्ये 'तांबडी माती' हा पहिला चित्रपट मिळाला. मग १९७१ मध्ये स्वतःची निर्मिती, 'सोंगाड्या'. भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागतो आणि शेवटी सोंगाड्या होतो. कथा पुन्हा सबनीसांची, नायिका उषा चव्हाण, जोडीला निळू फुले, आणि आई रत्नमाला. त्या पुढं दादांच्या कितीतरी चित्रपटांत 'आये' झाल्या. दादरच्या कोहिनूर थिएटरात हा चित्रपट लागायचा होता, पण मालकानं देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' घेतला. तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, शिवसैनिक थिएटरवर गेले आणि 'सोंगाड्या' लागला. पुढं दादा शिवसेनेच्या सभांतही बोलले. राजकारणाचं ज्यानं त्यानं ठरवावं. मला एवढंच दिसतं की मराठी चित्रपटाला मुंबईत, मराठी माणसाच्या दादरमध्ये, जागा मिळवायला भांडावं लागलं. बाजार समितीत आपल्याच मालाला ओटा मिळू नये, तसं.

त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम', 'बोट लावीन तिथं गुदगुल्या'. चित्रपट लागला की पंचवीस आठवडे हलायचा नाही. नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला म्हणून गिनेस बुकात नाव गेलं. १९७५ च्या 'पांडू हवालदार'चं दिग्दर्शन त्यांनी स्वतः केलं, अशोक सराफ यांना लोक ओळखू लागले ते त्यातूनच. आणि पोलीस शिपायाला 'पांडू' हे नाव चिकटलं ते आजतागायत. पोलीस बांधवांना ते आवडत नाही, त्यांचा राग मी समजू शकतो. आम्हालाही गावात काय काय म्हणतात ते आम्हाला माहीत आहे.

आता दुहेरी अर्थाचं. हा विषय टाळला तर तुम्हीच म्हणाल, सायबानं गाळलं. सेन्सॉरशी दादांचं आयुष्यभर भांडण चाललं. त्यांचं म्हणणं असं की, शब्द साधा आहे, वाकडा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे. हे वकिली उत्तर झालं. शब्द कुठं फुटणार हे त्यांना पक्कं माहीत असायचं, नाहीतर तिथं ते थांबले नसते. पण एक खरं की शेतात, गोठ्यात, लग्नघरात आपल्या बायाबापड्या जे बोलतात त्यापुढं दादांचे सुरुवातीचे संवाद सोवळेच आहेत. माझ्या आईनं 'सोंगाड्या' गावच्या बायांबरोबर पाहिला आणि डोळ्यांत पाणी येईतो हसली. ऐंशीनंतरचे दोन-तीन पाहून मात्र म्हणाली, "ह्यात त्यो भोळा पोरगा कुठं ऱ्हायला?" मला तिचं पटतं. आधीच्या नाम्याला अर्थ कळायचा नाही आणि प्रेक्षकाला कळायचा, म्हणून हसू यायचं. पुढं त्यालाही कळायला लागला. मग उरलं नुसतं फोलपट. तरी टीकाकारांनी पहिल्या धान्यालाही भुसा म्हणून उडवलं, हा अन्यायच. पंचवीस आठवडे रांगेत उभी राहणारी माणसं सगळी अडाणी नव्हती.

हसवण्याची कला काय असते, हे मी आमच्या आजोबांना विचारलं. शेळ्यांना पाला टाकता टाकता ते म्हणाले, "वाफसा वळखायचा. जिमीन वली आसंल तर बी कुजतंय, वाळली तर उगवत न्हाई. मानसाचं तसंच हाय. दादा थांबायचं बघा. वाक्य बोललं की लगीच दुसरं न्हाई. वाफसा येऊ द्यायचं." पदविका घेऊन मी दहा-बारा वर्षं वाफसा शिकवतोय, सभेतल्या माणसांना तो असतो हे डोक्यात आलं नव्हतं.

मग मी विचारलं, फडात असताना दुःखाच्या दिवशी कसं हसवलं? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, धाकटी मुलगी गेली त्या रात्री फड विदर्भात होता. निरोप मिळाला तेव्हा गण चालू होता. सुपारी घेतलेली, लोक बसलेले. गौळणीत मावशीला अडवायला पेंद्या लागतो, दुसरा माणूस नव्हता. "केली बतावणी. लई हसली मानसं त्या दिशी." एवढंच. पुढं मी विचारलं नाही.

दादांच्या हकीकतीचं पुस्तक झालं, कारण त्यांचं नाव झालं होतं. आमच्या आजोबांचं काय झालं ते ऐका. ज्येष्ठ कलावंतांना दरमहा मानधन देण्याची राज्य शासनाची योजना आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो. वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि इतकी वर्षं कला सादर केल्याचे पुरावे लागतात. आजोबा अर्ज घेऊन एका कार्यालयात गेले. टेबलावरच्या माणसानं विचारलं, पुरावा काय? प्रमाणपत्र, फोटो, कात्रण, करारपत्र? फडात करारपत्र कुठलं? उचल घेतली ती अंगठ्यावर, तीही मालकाच्या वहीत. फड १५ वर्षांपूर्वी मोडला, वही गेली. फोटो होता एक, तो पुरात गेला. आजोबा म्हणाले, "करून दावू का?" तो म्हणाला, करून दाखवल्याची पोच देता येत नाही.

हे सांगताना आजोबांनी त्या माणसाची नक्कल केली. चष्मा नाकावर, पेन कानावर, नजर वर न करता. मी हसलो, आणि मग मला माझंच टेबल आठवलं.

तर सरपंच आणि ग्रामसेवक मंडळी (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं), तुमच्याकडं काम आहे ते हे. तुमच्या गावात असे सोंगाडे, ढोलकीवाले, गोंधळी, वासुदेव, शाहीर किती आहेत ते पाहा. जत्रेच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या देवस्थानच्या पेटीत पडलेल्या असतात. त्यात कोणत्या साली कुठल्या फडाला किती सुपारी दिली, ते लिहिलेलं असतं. यात्रा कमिटीची छापील हॅंडबिलं कुणाच्या तरी माळ्यावर असतात. ती काढा, छायांकित प्रती करा, ग्रामसभेत नोंद घ्या आणि अर्जाला जोडा. सोबत काम केलेल्या कलावंतांची लेखी निवेदनंही जोडा. अर्ज मंजूर होईलच असं मी सांगू शकत नाही. निदान कागद नाही म्हणून परत येऊ नये.

आमच्या गावच्या देवस्थानची पेटी आम्ही गेल्या अमावस्येला उघडली. वाळवीनं बरंच खाल्लंय. पण एका वर्षाचं पान शाबूत निघालं. मांडव, नारळ, दिवाबत्ती, आणि खाली फडाच्या सुपारीची रक्कम. त्याच्या शेजारी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'सोंगाड्यास वेगळे बक्षीस रु. ११'.

आजोबांना पान दाखवलं. वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अकरा? मला पाचच मिळालं हुतं. सा मालकानं खाल्लं."

पानाची प्रत अर्जाला जोडली आहे. सोमवारी घेऊन जातोय.