पडद्यावरील आख्यान आणि घरातला पूर्वरंग

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की आमच्या हिवरखेडात, सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात, पेरणीची लगबग आणि पंढरीची ओढ अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी माणसाच्या मनात वस्तीला येतात. ज्यांना वारी घडते ते भाग्यवान. ज्यांना शेत सोडवत नाही ते गावच्या विठ्ठलमंदिरात रात्र जागवतात. गेल्या वर्षी याच दिवसांत एका सुशील घरातील सूनबाई मजकडे आल्या आणि अत्यंत संकोचाने म्हणाल्या, "महाराज, सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना देवळात बसवत नाही. एकादशीच्या रात्री घरीच 'संत तुकाराम' चित्रपट लावला आणि सगळ्यांनी मिळून पाहिला, तर ते जागरण देव मान्य करील का?"

प्रश्न लहान दिसतो, पण त्याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. चाळीस वर्षे कीर्तनाच्या गादीवर उभा राहणारा मी. पडद्याकडे जाणारा श्रोता हा माझ्याच मंडपातून उठून गेलेला असतो. तेव्हा माझ्या उत्तरात मत्सर मिसळू नये, याची मला प्रथम काळजी घ्यावी लागली. आपल्या पूर्वसूरींनी दृश्यकाव्याचा कधीही अव्हेर केलेला नाही. भरतमुनींच्या परंपरेने नाट्याला पाचवा वेद म्हटले आणि कालिदासाने तर त्यास डोळ्यांनी करावयाच्या यज्ञाची पदवी दिली. मग चित्रपटानेच काय पाप केले? असा विचार करीत करीत मी लहानपणापासून पाहिलेले आणि पुढे मुद्दाम मिळवून पाहिलेले भक्तिपर चित्रपट मनापुढे आणले. त्या विचाराचा सारांश वाचकांपुढे ठेवीत आहे.

मूकपटाला वाणी कोणी दिली?

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. दादासाहेबांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा; वडील संस्कृतचे शास्त्री. परदेशी बनावटीचा ख्रिस्तचरित्राचा पट पाहून, आपल्या रामकृष्णांचे असे दर्शन आपल्या लोकांना का घडू नये, या ध्यासाने त्यांनी हा उद्योग आरंभला. स्त्रिया काम करावयास तयार नसल्यामुळे तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. त्याच साळुंक्यांनी 1917 च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका वठविल्या. 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये बालकृष्ण झाली ती दादासाहेबांची कन्या मंदाकिनी.

या मूकपटांत शब्द नाही, स्वर नाही. पडद्यावर मधून मधून अक्षरे उमटत, पण ती वाचता येणारे प्रेक्षक किती असणार? तरीही लोक गहिवरले. का गहिवरले? कारण डोंबाघरी राबणारा राजा कोण, त्याने कोणते वचन दिले आणि ते कसे पाळले, हे त्या प्रेक्षकाला आईच्या ओव्यांतून आणि देवळातल्या हरिदासाच्या मुखातून आधीच ठाऊक होते. मूकपटाला वाणी दिली ती प्रेक्षकांच्या घरातील संस्कारांनी. माझ्या मते, या विषयाचे मर्म येथेच आहे.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखादे पद घेऊन त्याचे तत्त्व उलगडावयाचे; मग नामाचा गजर व्हावयाचा, बुक्का लागावयाचा; आणि त्यानंतर उत्तररंगात त्या तत्त्वाचे उदाहरण म्हणून आख्यान सांगावयाचे. माझे वडीलही हरिदास होते. ते म्हणत, "पूर्वरंगावाचून आख्यान सांगितलं, तर लोक गोष्ट घेऊन जातात आणि देव मंडपातच राहतो." चित्रपट हा सारा उत्तररंग आहे. त्याचा पूर्वरंग प्रेक्षकाने घरून आणावयाचा असतो. 1913 चा प्रेक्षक तो घेऊन आला होता. आज आपली मुले तो आणतात काय?

प्रभातचे संतपट

दादासाहेबांनंतर एकोणीस वर्षांनी, 1932 साली, त्याच हरिश्चंद्राची कथा घेऊन 'अयोध्येचा राजा' हा प्रभात कंपनीचा पहिला मराठी बोलपट आला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे. तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. प्रतिष्ठित घरातील स्त्री पडद्यावर आली आणि स्त्रीच्या दुःखाला स्त्रीचा कंठ मिळाला. 1935 साली बालगंधर्वांनी 'धर्मात्मा'त नाथमहाराजांची भूमिका केली. या चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. तत्कालीन परिनिरीक्षण मंडळाच्या हरकतीमुळे ते बदलावे लागले. अस्पृश्य मानलेल्या घरी भोजन करणाऱ्या नाथांचे चरित्र त्या काळच्या समाजाला आरसा दाखविणारे होते, हे ध्यानी घेण्यासारखे आहे.

या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे 1936 चा 'संत तुकाराम'. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल, संगीत केशवराव भोळे यांचे, गीते शांताराम आठवले यांची. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे गायक नट. परंतु तुकोबांच्या भूमिकेत ते असे विरघळले की लोक रस्त्यात त्यांना वंदन करू लागले. तरीही या चित्रपटाचा खरा प्राण मला गौरी या अभिनेत्रीने साकारलेल्या जिजाईत दिसतो. घरात दाणा नाही, लेकरू आजारी, आणि धनी विठ्ठलाच्या नामात मग्न; अशा वेळी ती देवाशी उघड भांडते. तिच्या भांडणात अश्रद्धा नाही, हक्क आहे. शेवटी तुकोबा विमानातून वैकुंठास जातात आणि जिजाई मागे राहते. विमानापेक्षा मागे राहिलेल्या त्या माउलीकडे पाहून ज्याचे डोळे भरून येतात, त्याने हा चित्रपट पाहिला असे मी म्हणेन.

पुढे 1940 साली याच जोडीने 'संत ज्ञानेश्वर' काढला. शाहू मोडक यांची मूर्ती प्रसन्न आहे. रेड्यामुखी वेद आणि चालती भिंत हे प्रसंग त्या काळच्या साधनांनी आश्चर्य वाटावे इतके उत्तम साधले आहेत. मात्र येथे अद्भुतरस भक्तिरसाच्या पुढे निघून जातो. मुले भिंत चालल्याचे सांगतात. चांगदेवांचा गर्व गळाला, हे सांगत नाहीत. 1941 च्या 'संत सखू'त हंसा वाडकर यांनी सोशिक सुनेचे जे दर्शन घडविले, ते घराघरातील सासवांनी आजही एकदा पाहावे असे आहे.

माझ्या हातून घडलेली चूक

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. चाळीस वर्षांपूर्वी, नवा हरिदास असताना, मी एका गावी सप्ताहात कीर्तनास उभा होतो. बीज, अंकुर आणि तरू यांच्या दृष्टांताचे ते सुप्रसिद्ध पद मी मोठ्या रंगात गायिलो आणि "तुकोबाराय म्हणतात" असे सांगून त्यावर अर्धा तास वेदान्ताचे निरूपण केले. कीर्तन संपल्यावर सर्वांनी पायांवर डोके ठेवले. सर्वांत शेवटी एक वृद्ध शेतकरी माळकरी आला. नमस्कार करून तो हळूच म्हणाला, "महाराज, मी रोज गाथा वाचतो. पण थो अभंग मले गाथेत काई सापडला नाई. तुमची गाथा दुसरी हाय का?"

मी घरी येऊन गाथा उघडली. सुमारे साडेचार हजार अभंग. त्या आठवड्यात मी सारी गाथा चाळली. पद नव्हतेच. पुढे कळले की ते शांताराम आठवले यांनी 'संत तुकाराम' चित्रपटासाठी रचलेले गीत आहे. त्यांची रचना इतकी तुकोबांच्या वळणाची की भलेभले फसले; त्यात त्यांचा दोष नाही, गौरवच आहे. दोष माझा. लहानपणी कानावर पडलेले गाणे मी प्रमाण मानले आणि मूळ ग्रंथ उघडण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्याच चित्रपटात तुकोबांचे शब्द स्वतःचे म्हणून मिरविणारा सालोमालो आहे. त्याला हसणारा मी. आणि दुसऱ्याचे शब्द तुकोबांचे म्हणून मिरविताना मला कळलेही नाही! पुढच्या वर्षी त्याच गावी, त्याच गादीवरून मी ही चूक सांगितली आणि क्षमा मागितली. तो माळकरी पुढेच बसला होता. तेव्हापासून गाथेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून एकही अभंग मी मुखात घेतलेला नाही.

नंतरच्या काळातील पाच चित्रपट

1953 साली आचार्य अत्रे यांनी साने गुरुजींच्या पुस्तकावरून 'श्यामची आई' काढला आणि राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मान मिळविला. यात देव प्रकट होत नाही, विमान येत नाही. तरीही वनमालाबाईंची आई पाहताना देवघरात बसल्याची भावना होते. वत्सलरसाचा याहून शुद्ध आविष्कार आपल्या पडद्यावर क्वचितच झाला असेल.

1975 चा 'जय संतोषी माँ' हा हिंदी चित्रपट मी तालुक्याच्या गावी पाहिला. तेव्हा मी शाळकरी होतो. आयाबाया दाराबाहेर वहाणा काढून आत जात, पडद्यावर आरती सुरू झाली की पैसे उधळीत. त्या भावाला मी कधीही हसणार नाही. परंतु या देवतेचे आख्यान आपल्या प्रमुख पुराणांत आढळत नाही. चित्रपटामुळे व्रत घरोघर पोचले आणि त्यामागचा विचार मात्र कोणी सांगितला नाही. उत्तररंग आधी झाला, पूर्वरंग राहूनच गेला.

1977 साली राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला 'देवकीनंदन गोपाळा' हा आम्हां वऱ्हाडकरांच्या विशेष जिव्हाळ्याचा. गाडगेबाबा 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मले. हाती खराटा आणि मुखी गोपाळाचे नाव घेऊन फिरले. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत विचारलेले प्रश्न. चमत्काराचा त्यांना तिटकारा. बाबांची भूमिका केली डॉ. श्रीराम लागू यांनी, जे स्वतः बुद्धिवादी म्हणून प्रसिद्ध होते. नास्तिक नटाने संत कसा उभा करावा, असे मला कित्येकांनी विचारले आहे. अभिनवगुप्ताचार्यांनी याचे उत्तर हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेविले आहे: रसाचे स्थान सहृदयाच्या अंतःकरणात असते, नटाच्या ठायी नव्हे. पागनिसांची भक्ती आणि लागूंचे चिंतन, दोन्ही वाटांनी प्रेक्षकाच्या हृदयापर्यंत जाता येते. पुढचे काम प्रेक्षकाचे.

जी. व्ही. अय्यर यांचा 1983 चा 'आदि शंकराचार्य' हा संस्कृत भाषेतील पहिला चित्रपट. त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक लाभले. मृत्यू आणि प्रज्ञान हे दोन सोबती देह धारण करून आचार्यांबरोबर चालतात, ही कल्पना उपनिषदांच्या अभ्यासकाला सुखावणारी आहे. शांतरस पडद्यावर आणणे सर्वांत कठीण. तो येथे आला आहे. मात्र हा चित्रपट अभ्यास केल्यावर पाहावा. घाईने पाहणाऱ्यास तो काहीच देणार नाही.

अलीकडे 2012 साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'तुकाराम' काढला. जितेंद्र जोशी यांचे तुकोबा दुष्काळात होरपळणारे, कर्जाची खतपत्रे पाण्यात सोडणारे, संसारी तुकोबा आहेत. 1936 आणि 2012 हे दोन्ही चित्रपट एकामागून एक पाहावेत. एकात लोकांच्या श्रद्धेतील तुकोबा भेटतात, दुसऱ्यात काळाच्या आघाताखालचे. दोघांनाही जोडणारा दुवा गाथेतच आहे.

सूनबाईंना दिलेले उत्तर

शेवटी मी त्या सूनबाईंना सांगितले, "जागरण अवश्य करा. पण चित्रपट लावण्यापूर्वी सासूबाईंना गाथेतला कोणताही एक अभंग वाचावयास सांगा आणि त्यांना जसा उमजला तसा त्यांच्याच शब्दांत मुलांना सांगू द्या. मध्येच चित्रपट थांबवून घटकाभर नामाचा गजर करा. शेवटी आरती करा."

द्वादशीला त्या प्रसाद घेऊन आल्या. म्हणाल्या, "सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. पण धाकट्यानं विचारलं, विमान खरंच आलं होतं का? सासूबाई म्हणाल्या, महाराजांना विचारू."

मी म्हणालो, "त्याला गाथेतले निर्याणाचे अभंग वाचून दाखवा. जाताना तुकोबा काय बोलले, ते त्याला त्यांच्याच शब्दांत कळू द्या. विमानाचा निर्णय तो मोठा झाल्यावर स्वतः करील."

या वर्षी त्या घरी एकादशीच्या रात्रीसाठी गाथेची नवी प्रत आणली आहे, असे कळले. जुनीची पाने मुलांच्या हाताळण्याने सुटली होती.